पाटलांच्या मागची रांग

यात्रा कमिटीकडे फेटे होते, माइक होता, फक्त अक्कल तेवढी कुणी वर्गणीत दिली नव्हती.

खानापूरजवळच्या त्या गावात बऱ्याच वर्षांनी महालक्ष्मीची यात्रा भरत होती. मागच्या वेळी ओटी भरायच्या रांगेत, उन्हात उभं राहून आरोहीची आई मालुबाई भोवळ येऊन पडली होती. आता तर तिचे गुडघेही गेले होते. म्हणून बेळगावात सॉफ्टवेअरची नोकरी करणाऱ्या आरोहीने आपणहून सर्व्हर लिहायला घेतला. बायकांनी फोनवरून वेळ घ्यावी, घरी सावलीत बसावं आणि वेळ झाली की येऊन ओटी भरावी.

सर्व्हर तिने कोरुटीनवर बांधला. एकीच्या फोनवरून उत्तर यायला उशीर झाला, तर तिचं काम तिथंच ठेवून तो दुसरीचं हाती घेई आणि उत्तर आलं की पहिलीकडे वळे. भाकरी शेकेपर्यंत शेजारची भाजी परतावी, तसं. मालुबाईला हे एका वाक्यात समजलं. कमिटीला बैठकांवर बैठका लागल्या.

"पैली ओटी पाटलांची," अध्यक्ष भरमू आप्पा म्हणाले. "पाटलांचं व्हय आल्याबिगर कुणालाबी नंबर द्याचा न्हाय."

"आप्पा, पैला नंबर त्यांचाच ठेवलाय. ते कवाबी व्हय म्हणू देत. तवर बाकीच्यांस्नी कशाला अडवायचं?"

"अगं, थांबायचं म्हंजे समद्यांनी थांबायचं. मान म्हंत्यात त्येला."

म्हणजे एका माणसाच्या होकारासाठी अख्खा सर्व्हर गपगार. हीच अडवणूक टाळायला तर कोरुटीन निघाले, आणि हे शहाणे तीच हौसेने मागत होते. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? आरोहीने होकार भरला आणि सर्व्हरमधलं एक अक्षरही बदललं नाही.

नंबर द्यायच्या दिवशी मारुतीराव पाटील कणकुंबीला पाहुण्यांकडे, रेंजबाहेर. सर्व्हर त्यांच्या होकाराची वाट पाहत राहिला आणि तेवढ्यात गावभरच्या बायकांना वेळा देऊन मोकळा झाला. मालुबाईला दुपारनंतरची वेळ मिळाली. आरोहीला वाटलं, जिंकलो.

यात्रेदिवशी पाटील बायकोला घेऊन वाजतगाजत देवीपुढे आले. पटांगणात चिटपाखरू नव्हतं.

"माणसं कुठं हाईत?"

"घरात हाईत, काका," आरोही म्हणाली. "ज्याच्या त्याच्या वेळंला येत्यात. तुमचा नंबर पैलाच हाय."

"माझ्या मागं कोण उभं न्हाय, तर म्या पैला कसा गं?"

आजवरच्या सगळ्या बैठकांत इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. भरमू आप्पांनी माइक ओढला. समद्या बायांनी असतील तशा रांगेला यावं, पाटलांची ओटी झाल्याबिगर कुणी हलू नये.

आणि बायका आल्या. हातात फोन, फोनमध्ये आपापली वेळ, आणि डोक्यावर ऊन. पाटील आता ओळखीच्या माणसांशी निवांत बोलत उभे राहिले. ओटीची त्यांना मुळीच घाई नव्हती. आरोहीला संताप संताप झाला. रांगेत गुडघ्यावर हात देऊन उभी असलेली आई दिसली, तशी ती धावली.

"आई, घरला चल. तुझी वेळ दुपारनंतर हाय."

मालुबाईने तिचा हात सोडवला.

"मागल्या बारीला मधीच पडलो, समद्या गावानं बघितलं. त्येची लाज हाय मला," ती म्हणाली. "आवंदा शेवटपातूर दम काढतो."