भिकूच्या खोलीतली शांतता

संप सुरू झाला त्या सकाळी गिरणी बंद पडली आणि तिचा आवाज चाळीत राहायला आला. ज्याचा माग, त्याच्या घरी. धोंडूच्या दोन्ही मागांची खडखड त्याच्या आणि अनुसयेच्या खोलीत शिरली.

त्या खडखडीला जागा लागे. ती रोज थोडी फुगत होती. आधी ट्रंक गॅलरीत गेली, मग अंथरूण. हळूहळू धोंडू, अनुसया आणि त्यांची लहानगी पारू भिंतीला टेकून, बसूनच झोपू लागली.

बोलायची अडचण नव्हती. नवराबायको दोघंही गिरणीतली. तिथल्या गोंगाटात सगळेच आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलत. अडचण पारूची होती. ती नुकतीच बोलू लागली होती, पण तिला अजून पुरते दात नव्हते, आणि तिचे ओठ कुणालाच वाचता येत नव्हते.

"काय म्हणती ही?" अनुसयेच्या ओठांनी विचारलं.

"आई म्हणत आसंल. न्हायतर भूक."

"आसंल म्हंजे? बाप हाय का कोण?"

"मग काय करू? भिक्यासारखा जाऊ कामावर?"

शेजारचा भिकू संप मोडून, पोलिसांच्या गाडीतून कामावर गेला होता. त्याच दुपारी त्याच्या घरातला आवाज उठून त्याच्यामागे निघून गेला. आता तिथे भाताची उकळीसुद्धा ऐकू येते, असं लोक म्हणत. खात्री कुणी केली नव्हती. त्या उंबऱ्याच्या आत जो पाय टाकील तो संपातून फुटला, असं चाळीने ठरवलं होतं.

अनुसया पारूला कडेवर घेऊन त्या उंबऱ्याशी उभी राहिली. गॅलरीतली दारं एकेक करून उघडली. माणसं दारांत येऊन बघू लागली.

"ये की गं," भिकूची बायको तारा आतून म्हणाली. "च्या टाकते. आमच्याकडं कुत्रंबी फिरकत न्हाय आता."

"च्या नको. पोरीचं ऐकते आन् जाते," अनुसया नुसत्या ओठांनी म्हणाली.

"ऐक की. हितं दुसरं हाय काय ऐकायला?"

अनुसयेने पाय आत टाकला. खडखड बाहेरच थांबली. स्टोव्हची फरफर ऐकू आली, ताराच्या बांगड्या ऐकू आल्या.

"आई," पारू म्हणाली. आवाज बारीक होता, किंचित घोगरा.

अनुसयेने ओ दिली. नुसते ओठ हलले, आवाज निघाला नाही. तिने पुन्हा दिली. तारा हातातली कपबशी तशीच धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आई!" पारूने मोठ्याने हाक मारली. ती अनुसयेच्या कडेवरच होती, आणि मान वळवून वळवून खोलीभर आईला शोधत होती.