उंच, काळा, काळं जॅकेट

मागचं दार रविवारी लावायचं नाही, असा हॉलिस हाऊसचा रिवाज होता. आणि तमीरानं नेमकी त्या रविवारी त्या दाराला कडी घातली. तिला तरी काय बोल लावायचा? गुरुवारी पुढच्या दारावर कुणीतरी चिठ्ठी चिकटवून गेलं होतं: 'कुठल्या खोल्या रस्त्याकडे उघडतात ते आम्हाला ठाऊक आहे.' खाली नाव नाही, गाव नाही. तमीराची खोली रस्त्याकडेच उघडत होती. तीन रात्री ती कपाट दाराला टेकवून झोपली होती.

अमेरिकेतल्या त्या अख्ख्या विद्यापीठात काळ्या-सावळ्या मुलांचं म्हणावं असं हे एकच घर. चौदा पोरंपोरी, आणि देखरेखीला मिस व्हर्लीन. वर्गात दोनशे गोऱ्या डोक्यांत आपलं एक डोकं घेऊन बसायचं, आणि इथं आलं की केस मोकळे सोडून खदाखदा हसायचं. तमीराला क्लीव्हलँडहून येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. हे घर नसतं तर पहिल्याच आठवड्यात ती बॅग भरून परत गेली असती.

या घराला एक वेडही होतं. विद्यापीठाच्या पोलिसांचा इशारा फोनवर आला, कुठं सायकल गेली, कुठं कुणी कुलूप तोडलं, की मिस व्हर्लीन तो जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचायची, आणि जो जो वर्णनात बसेल त्यानं उभं राहायचं. वर्णन बहुतेक वेळा एकच. उंच, काळा, काळं जॅकेट. सगळी पोरं उभी! बुटका सायलस तर खुर्चीवर चढायचा. "बसा रे चोरांनो, बसा आता, भाजी गार होतेय!" असं मिस व्हर्लीन ओरडली की सगळे हसून लोटपोट. हसायचं नाही तर करायचं काय?

आणि फ्रिजवर नियम एकच: काहीही झालं तरी आधी घरातल्या माणसाला फोन, पोलिसांना नंतर.

त्या दुपारी सगळे चर्चला गेले होते. पालेभाजीच्या पातेल्यापाशी थांबायची पाळी तमीराची होती. बाहेर गारठा, बर्फ आणि पाऊस एकत्रच पडत होता. भाजीत धुरी दिलेला टर्कीचा पाय शिजत होता, घरभर वास सुटला होता. तेवढ्यात मागच्या दाराची मूठ फिरली. एकदा. मग जोरात. मग पावलं कोठीच्या खिडकीकडे गेली.

कोठीची काच दुधी. पलीकडे एक उंच माणूस, डोक्यावर ओढलेली टोपी, आणि खिडकीची चौकट खालून उचकटणारे हात. ते आलेच! चिठ्ठीवाले आले! फ्रिजवरचा नियम डोळ्यांसमोर होता, पण बोटांनी पोलिसांचाच नंबर लावला.

"कसा दिसतो?" फोनवरच्या बाईनं विचारलं.

"उंच. काळं जॅकेट."

"गोरा की काळा?"

हातमोजा निघाला होता. काचेला उघड्या हाताची काळी पाठ टेकली होती.

"काळा," तमीरा म्हणाली. तिनं फोन ठेवला.

खिडकी धाडकन वर गेली आणि आधी एक लांबलचक पाय आत आला, मग एझ्रा पेटवे. चौथ्या वर्षाचा एझ्रा! तमीरा आली त्या दिवशी तिच्या पेट्या तीन जिने चढवणारा.

"अगं ए क्लीव्हलँड! रविवारी मागच्या दाराला कडी? मेलो असतो ना गारठून!"

"एझ्रा, मी..."

"तू काय? भूत बघितल्यासारखी काय बघतेस? बरं थांब, बाजारातून आणलेली रताळ्यांची गोणी बाहेरच राहिली." कडी काढून तो गेलासुद्धा.

एका दमात सांगता आलं असतं. पण तिला वाटलं, आपण फोन करून गाडी परत पाठवू, कुणाला कळायचंही नाही. लाज वाटली हो पोरीला, दुसरं काय! तिनं पुन्हा नंबर लावला. "गाडी पोचलीच. घरातच थांबा," बाई म्हणाली.

"हात! हात वर कर!"

तमीरा दाराशी धावली. गोणी फाटून रताळी चिखलात पसरली होती. एझ्राच्या दोन्ही हातांत एकेक रताळं, आणि दहा पावलांवर पोलीस, पिस्तूल रोखून. तोही तरुणच होता आणि त्याचं बोट चापावर होतं.

"टाक ते खाली!"

"टाकतो, साहेब. हळू टाकतो. रताळी आहेत," एझ्रा म्हणाला. असा आवाज तिनं त्याचा कधी ऐकला नव्हता, लहान पोरासारखा.

ती दोन्ही हात पसरून चिखलात उतरली. "तो इथंच राहतो! एझ्रा पेटवे! चौथ्या वर्षाला आहे! इथंच राहतो तो!" किती वेळा ओरडली कोण जाणे.

पिस्तूल खाली गेलं. ओळखपत्र बघितलं. "फोन आला म्हणून आलो," एवढं बोलून पोलीस निघून गेला.

एझ्रानं एकेक रताळं वेचलं. "फोन मागच्या घरातल्या हॅगर्टीबाईनं केला असणार," तो म्हणाला. "दिवसभर पडद्याआडून बघत असते म्हातारी."

तमीरानं मान खाली घातली आणि फाटकी गोणी उचलून घेतली.

तीन वाजता सगळे जेवायला बसले. एझ्रानं घडलेलं जेमतेम चार शब्दांत सांगितलं. मिस व्हर्लीननं त्याचं डोकं छातीशी धरलं, आणि म्हणाली, "उद्या जाते त्या हॅगर्टीकडे. अशी खरडपट्टी काढते की नाव काढणार नाही पुन्हा!"

तेवढ्यात चौदाही फोन वाजले. इशारा, नेहमीसारखा उशिरा. मिस व्हर्लीननं सवयीनं वाचायला घेतला. "हॉलिस हाऊस, मागची खिडकी. उंच, काळा, काळं जॅकेट." शेवटच्या शब्दावर तिनं फोन उलटा ठेवला.

तरी पोरं उभी राहिली. एझ्रासाठीच राहिली असतील. सायलस खुर्चीवर चढला, पण हसला नाही. एझ्रा मात्र बसूनच होता, दोन्ही तळवे टेबलावर उघडे ठेवून, सगळ्यांना दिसतील असे.

ते तळवे तमीराला बघवेनात. ती उभी राहिली.

"तू कुठं बसतेस वर्णनात?" सायलसनं विचारलं.

"वर्णन माझं आहे," तमीरा म्हणाली. "फोन मी केला. हॅगर्टीबाईनं नाही."

एझ्रानं तिच्याकडे बघितलं.

"ओळखलं नाहीस मला?"

"नाही. घाबरले होते. नुसता हात दिसला."

एझ्रानं आपले हात टेबलावरून उचलले आणि मांडीवर घेतले. पोरं एकेक करून खाली बसली. भाजी गार होत होती. तमीरा उभीच राहिली, मिस व्हर्लीनच्या तोंडाकडे बघत. बस आता, असं काही ती म्हणाली नाही.