पोंचोचं खाणंपिणं

फोर्तुनाताबाई गाव सोडून कुस्को शहरात लेकीकडे राहायला आल्या, त्या दिवशी त्यांच्या नातीने, दायनाने, आपला गिनीपिग पोंचो पोटाशी धरला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

"मी काय राक्षसीण आहे का गं?" बाई लेकीला म्हणाल्या.

"नाही गं आई," मार्लेनी हसली. "पण तुझ्या चुलीमागे किती गिनीपिग फिरायचे आणि सणाला कुठे जायचे, ते तिला ठाऊक आहे. तुझ्या हातचा भाजलेला मागून मागून खायची की! पोंचो घरी आला आणि बाईसाहेबांचे डोळे उघडले."

दायनाची शाळा सुरू झाली, मार्लेनी दिवसभर कामावर. मग नाइलाजाने पिंजरा आजीकडे आला. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. शहरात त्यांना ना शेत, ना चूल. नात जवळ येईल तर ती या प्राण्याच्या पायीच, हे त्यांनी ओळखलं आणि कंबर कसली. रोज बाजारातून हिरवीगार लसूणघास. ओली दिली तर पोट फुगतं, म्हणून आधी सावलीत सुकत घालायची. वर सातू, भरडलेला मका, दुधात भिजवलेला पाव. पोंचो असा गुटगुटीत झाला की दायनाही खूश. शाळेतून आली की ती आजीपाशी बसायची, वेणी घालून घ्यायची, वर्गातल्या चहाड्या सांगायची.

एका सकाळी पोंचो पाठीला पोक काढून बसला. लघवी करताना किंचाळला. खालच्या फडक्यावर रक्त होतं.

आजी-नात त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर तरुण होती, बोलायला मऊ. "लसूणघास किती देता, आजी?"

"पोटभर."

"आणि दाणा?"

"सकाळ-संध्याकाळ. हात आखडता नाही घेतला हो मी."

"मूत्राशयात खडा झालाय. लसूणघास वाढत्या पिल्लांना चांगली, मोठ्यांना सोसत नाही. तुमच्याकडे सगळ्यात म्हातारा गिनीपिग किती वयाचा होता?"

जन्मभर बाईंनी गिनीपिग पोसले होते. म्हातारा झालेला एकही पाहिला नव्हता.

"खडा बारीक आहे, कदाचित पडून जाईल," डॉक्टर म्हणाली. "आता वाळलं गवत दिवसभर, थोडा पाला, रोज ढोबळी मिरचीची एक फोड, भरपूर पाणी. दाणा आणि पाव बंद."

रस्त्यावर येताच दायना फुटली. "तू त्याला सणासाठी पोसत होतीस!"

"मनात नव्हतं गं तसं. देवाशपथ नव्हतं."

"मग असं का खायला घातलंस?"

"मला तेवढंच येतं, बाळा," बाई म्हणाल्या. ते खरं होतं, आणि म्हणूनच त्यांना रडू आलं.

पिंजरा परत दायनाच्या खोलीत गेला. शाळेला जाताना ती गवत-पाणी भरून ठेवायची आणि आजीला बजावायची, "तू हात लावू नकोस त्याला." खडा पडून गेला, किंचाळणं थांबलं, पोंचो रोडावला. बाईंच्या जिवाला ते बघवेना. असलं गवत गावात गाढवापुढे टाकतात! एकदा त्या शालीखाली पावाचा तुकडा लपवून पिंजऱ्यापाशी गेल्या. पोंचो ओळखीने शीळ घालायला लागला. बाईंनी शेवटी तो तुकडा स्वतःच खाल्ला.

कॉर्पुसच्या सणाला, घरोघरी गिनीपिग भाजतात तेव्हा, गावाहून त्यांची मैत्रीण हेर्मेलिंदा आली. पोंचो अंगणात उन्हाला सोडला होता. हेर्मेलिंदाने सवयीने त्याला मानगुटीला धरून उचललं आणि बरगड्या चाचपल्या.

"अगं बाई! हाडं लागतात की हाताला! कुणाच्या हवाली होता हा?"

त्यांच्या गावात बाईमाणसाला याहून मोठी शिवी नाही. फोर्तुनाताबाईंचे कान तापले. नातीचा आहे, मी हात लावत नाही, एवढं म्हटलं असतं तरी सुटल्या असत्या.

"माझ्या," त्या म्हणाल्या. "खाली ठेव त्याला. त्याला म्हातारं व्हायचंय."

"कुणाला?"

"पोंचोला."

हेर्मेलिंदा पोट धरून हसली. "आणि म्हातारा होऊन करणार काय तो?"

"काही नाही. मी काय करते? उन्हात बसेल, चार काड्या चघळेल. कुणाचं काय खातो?"

दायना दारात उभी होती. कधीची, ते कुणाला कळलं नाही. ती पुढे आली, हेर्मेलिंदाच्या हातातून पोंचोला सोडवून घेतलं आणि आजीच्या मांडीवर ठेवलं. मग आत जाऊन मूठभर वाळलं गवत घेऊन आली.

"लांब काड्या आधी दे," ती आजीच्या शेजारी बसत म्हणाली. "बारीक भुसा नको. शिंका येतात त्याला."

बाईंनी एक लांब काडी निवडली. दायनाने त्यांचं मनगट धरून ती पोंचोच्या तोंडाशी नेली.