तिसरा ब्रेक

"मी काय बटाट्याचं पोतं आहे, मागे टाकून न्यायला?" एलिएसेर म्हणाला आणि सीटवरचा हात त्यानं झटकन काढून घेतला.

माझ्या दुकानात नवरा-बायको उभे होते आणि मधे त्यांची जुनी जोडसायकल. या माणसानं तीस वर्षं घाटातून सायकलवर दुधाच्या किटल्या उतरवल्या. दोन वर्षांपूर्वी त्याचे डोळे गेले, तेव्हापासून तो खाली बाजाराला उतरलाच नव्हता. आता पुढे रोसाल्बा बसणार होती आणि ते काही त्याच्या पचनी पडत नव्हतं.

"अहो, डोळे माझे, पाय दोघांचे," रोसाल्बा म्हणाली. "मिस्त्री, टायर चांगले रुंद लावा."

"बारीक लावा! रुंद टायरची सायकल म्हणजे गाभण गाय."

"म्हणजे तुमच्याच चालीची. लावा हो, मिस्त्री."

मला हसू आलं, पण एलिएसेरचा चेहरा पाहून मी ते गिळलं. माणूस खरंच दुखावला होता.

"दोघांचं वजन आणि वर हा उतार," मी म्हणालो. "चाकं चाळीस तारांची लागतील. रिमला धरणारे दोन ब्रेक आहेतच, पण नुसत्या त्यांवर घाट उतरलात तर रिम तापून ट्यूब फुटेल. म्हणून मागच्या चाकाला तिसरा ब्रेक, ड्रमचा."

त्यानं ड्रम हातात घेऊन बोटांनी नीट चाचपला. "हा दाबायचा कुणी?"

"पुढच्याचे दोन्ही हात गुंतलेले. हा मागच्याच्या हाती."

एलिएसेर ड्रमवरून पुन्हापुन्हा बोटं फिरवत राहिला. मी त्याच्यापुढे ठेवलेलं गुळाचं गरम पाणी निवलं आणि आमच्याकडच्या रिवाजानं त्यात टाकलेलं चीज तळाशी बसलं. मग म्हणाला, "बरं. टायर रुंदच लावा."

रविवारी ते घाट उतरले. मला राहवेना म्हणून मी मोटरसायकलवर मागे निघालो. एलिएसेरला रस्ता तोंडपाठ होता. वळण यायच्या आधीच तो ब्रेक दाबायचा, "आता उजवीकडे" म्हणून ओरडायचा आणि रोसाल्बा निवांत सायकल वळवायची. इतका खूश तो मला कित्येक दिवसांत दिसला नव्हता.

मग रस्त्याकडेची छोटी देवळी आली. तिथलं अवघड वळण गेल्या वर्षी डोंगर फोडून सरळ केलंय. हे त्याला सांगायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही.

"सांभाळा, देवळीचं वळण! डावीकडे!" त्यानं ब्रेक दाबला.

समोर सरळ, रिकामा रस्ता होता. रोसाल्बानं सायकल हळूच डावीकडे कलती केली, लांबवर तशीच नेली आणि मग सरळ केली.

"इथं भलेभले पडलेत," तो म्हणाला.

"तुम्ही होतात म्हणून निभावलं," ती म्हणाली.

त्याचे कान तिखट आहेत, मागचं माझं इंजिनही त्याला ऐकू येत असणार. मीही मोटरसायकलचा वेग कमी केला आणि त्यांच्यामागून ते वळण घेतलं.