कर्टच्या ओकवरचं मचाण

मचाण विकत घेण्याआधी त्यात दहा मिनिटं गप्प बसून बघावं, दुकानदार कितीही घाई करो. दोन मिनिटं माणूस कुठेही सुखात बसतो. खरं काय ते दहाव्या मिनिटाला कळतं, बूड बोलायला लागतं तेव्हा. हे शहाणपण माझं नाही, माझ्या धाकट्या भावाचं, कर्टचं. सप्टेंबरातल्या त्या शनिवारी त्याची बायको ट्रुडी दुकानात मांडलेल्या मचाणात तशीच बसली होती. मांडीवर पर्स, डोळे मिटलेले. ढेरपोट्या विक्रेता एकदा तिच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"बाईंना झोप लागली की काय?"

"ऐकतेय," ट्रुडी डोळे न उघडता म्हणाली. "हे कुरकुरतंय."

"अहो, एवढंसं हरणाला ऐकू जात नाही."

"तुम्ही हरीण आहात का?"

मला हसू आलं, आणि लगेच हसल्याची लाज वाटली. गेल्या ऑक्टोबरात कर्ट मचाणावरून पडून वारला. तेव्हापासून ट्रुडीसमोर मला कसलंच हसू धड येत नाही.

मचाण हवं होतं ब्रिटाला, त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीला. नोव्हेंबरात हरणांची बंदुकीनं शिकार सुरू होते, तेव्हा मी बसणार, आणि बसणार ती बाबांच्याच झाडावर, असं तिनं उन्हाळ्यात जाहीर केलं. ट्रुडी महिनाभर नाही म्हणत राहिली. मग म्हणाली, बस, पण मचाण मी निवडणार. आणि तिनं मला फोन केला. "तू चल, लाइल. तुला त्यातलं कळतं." मी येतो म्हटलं.

कर्टचं होतं तसलं, नुसत्या पट्ट्यांवर खोडाला टांगायचं मचाण भिंतीवर होतं. त्याच्याकडे तिनं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. आपल्याबरोबर खोडावरून सरकवत वर न्यायचं एक होतं, त्याला ती "माकडांचा पाळणा" म्हणाली. शेवटी तिला शिडीचं पसंत पडलं. पंधरा फूट उंच, बसायला ऐसपैस, जाड गादी, चारी बाजूंनी कठडा, आणि प्रत्येक सांध्यात रबर, म्हणजे लोखंडावर लोखंड वाजायला नको. यात ती पुरी दहा मिनिटं बसली. वर झाडाला बांधून खाली जमिनीपर्यंत सोडायचा दोरही तिनं घेतला. अंगातल्या पट्ट्याचा हूक त्याच्या सरकत्या गाठीत जमिनीवरच अडकवायचा आणि मग चढायचं. पाय सटकला तरी माणूस लटकतो, पडत नाही. आमच्या विस्कॉन्सिनातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना असले दोर बायकी वाटतात. मीही त्यातलाच होतो.

दुपारी आम्ही तिघं रानात गेलो. आमच्या घरच्या चाळीस एकरांत सहा मचाणं आहेत आणि प्रत्येकाला माणसाचं नाव आहे. बाप जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी त्याचं मचाण नावानं बापाचंच. कुणी गेलं की तो हंगाम सरेपर्यंत त्याच्या मचाणात कुणी बसत नाही. मग घरचे एकत्र जेवतात आणि ते कुणाला द्यायचं ते ठरवतात. कर्टचं ब्रिटाला द्यायचं ठरलं तेव्हा मीही हात वर केला होता. नाही म्हणायला मला तोंड कुठे होतं?

कर्टच्या ओकच्या झाडाला शिडी टेकवली, ढोपरानं रेटली, पट्टे आवळले. ब्रिटा खिशातून काळं पेन काढून म्हणाली, "लाइलकाका, पट्ट्यावर साल लिहायचं ना? बाबा सांगायचे, काका दरवर्षी लिहितो म्हणून."

"लिही," मी म्हटलं. तिनं जीभ बाहेर काढून आकडे लिहिले.

हे पट्टे वर्षापलीकडे ठेवायचे नसतात. झाड जाडावतं, पट्टा ताणला जातो, ऊन त्याला खातं, उरलेला खारी कुरतडतात. म्हणून दर ऑगस्टात आमच्याकडे पट्टे बदलायचा दिवस असतो. बाकीचे निखाऱ्यावर सॉसेज भाजतात आणि मी हिंडून सहाही मचाणांचे पट्टे बदलतो. बापानंच मला ते काम लावून दिलं, कारण मी थोरला. गेल्या वर्षीच्या ऑगस्टात मी पाच बदलले. सहावं कर्टचं, दलदलीपलीकडे, सगळ्यात लांब. डास तोडून खात होते आणि बिअर थंड होती. मी परतलो. कर्टनं विचारलं, "झालं सगळं?" मी म्हटलं, "झालं."

बस, एवढंच. एक शब्द. ऑक्टोबरात तो धनुष्य घेऊन गेला आणि संध्याकाळी परतला नाही, म्हणून मी शोधायला गेलो. तो ओकखाली पडला होता. मचाण एका पट्ट्यावर लोंबत होतं आणि दुसऱ्या पट्ट्याच्या तुकड्यावर माझ्याच अक्षरात आदल्या वर्षाचं साल होतं. तो तुकडा मी काढून खिशात घातला. मग पोलिसांना फोन केला. पोलीस आला, कर्टच्या अंगातल्या पट्ट्याचा हूक मोकळा होता तो त्यानं पाहिला आणि मान हलवली. "अडकवला नाही तर. पडताना मचाणाला धरलं असेल, म्हणून तेही निखळलं." मी म्हटलं, "असेल." गावानंही तेच धरलं. पाद्रीबाबांनी तर निष्काळजीपणावर अख्खं प्रवचन दिलं.

ब्रिटानं खाली हूक अडकवला, गाठ सरकवत सरकवत ती वर चढली आणि कठड्याआड बसली. तिचे बूट तेवढे दिसत होते.

"कसं वाटतंय?" ट्रुडीनं विचारलं.

"मस्त! बाबांना इथून ओढा दिसायचा, आई."

"बघून घे. आणि एक ऐक. तुझा बाप बेफिकीर होता. एक हूक अडकवायचा आळस केला आणि आपल्याला टाकून गेला. तू त्याच्यावर जाऊ नकोस. कळलं?"

वरून बारीक आवाजात आलं, "हो, आई."

गावानं म्हटलं ते मी गिळलं होतं. प्रवचन गिळलं होतं. ते "हो" मला गिळवेना.

"ट्रुडी, तो बेफिकीर नव्हता," मी म्हणालो. "पट्टा तुटला. जुना होता. मी बदललाच नव्हता, आणि त्याला सांगितलं बदलला म्हणून. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवून मचाणावर पाय टाकला. बसल्यावर हूक अडकवायचा तो, नेहमीच. बसायला मिळालंच नाही त्याला. तो पट्टा मी लपवला."

मला वाटलं, ती मला मारेल. तिनं मारावं असंच वाटत होतं. मनातल्या मनात मी अकरा महिने त्याचीच तयारी करत होतो. ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसली.

"शवपेटी बंद करायच्या आधी पाद्रीबाबांनी मला विचारलं," ती म्हणाली, "जवळ जायचंय का एकदा. आठवतं तुला? तू शेजारीच उभा होतास."

"आठवतं."

"मी नको म्हटलं. इतका राग आला होता त्याचा. एका हुकासाठी पोरीला पोरकं केलं म्हणून." ती स्वतःच्या हाताकडे बघत होती. "मी त्याच्या कपाळाला हातसुद्धा लावला नाही, लाइल. झाकू दिलं त्यांना. आणि तू शेजारी उभा होतास."

अकरा महिने मला वाटत होतं की मी फक्त माझी कातडी वाचवली. हिच्याकडून मी काय काढून घेतलं, ते माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

ती रडायला लागली, तोंडावर हात न घेता, मोठ्यानं. दफनाच्या वेळी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं आणि बाया तिला खंबीर म्हणत होत्या. मी एक पाऊल पुढे टाकलं. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"आई, मी खाली येऊ?" वरून ब्रिटाचा रडका आवाज आला. तिनं सगळं ऐकलं होतं.

"ये," ट्रुडी म्हणाली. "हूक सोडू नकोस. हळू ये, बाळा. मी आहे खाली."

मी शिडीपासून दूर झालो. माझ्या भावाची पोर एकेक पायरी उतरत होती आणि खाली ट्रुडी दोन्ही हात वर करून उभी होती.