खोलीतलं खोलीत

संशोधिकेने सर्जनच्या खिशावरची नावाची पट्टी स्वतः काढून घेतली आणि दुसरी लावायला दिली. तिच्यावर ना पदवी होती, ना हुद्दा. सर्जन हसले, पण सांगितलेल्या जागी बसले: लाँड्रीतल्या मावशी आणि वॉर्डातली सिस्टर यांच्या मधोमध.

रुग्णालयात संसर्ग कुठून पसरतो, याचा शोध सगळ्यांनी मिळून घ्यायचा होता. त्यासाठी महिनाभर खपून तिने ही कार्यशाळा आखली होती. खुर्च्या गोलात मांडायच्या, एरवी ज्याला कुणी विचारत नाही त्याने आधी बोलायचं, आणि खोलीतलं खोलीतच राहणार, असा तिचा शब्द.

मावशी बराच वेळ मांडीवरच्या पिशवीचे बंद पिळत राहिल्या. मग बोलल्या. चादरींच्या गुंडाळ्यांतून वापरलेल्या सुया येतात. त्यांना दोनदा टोचल्या होत्या. नोंद केलीस तर घरी बस, असं मुकादमाने बजावलं होतं. सर्जननी वही काढून लिहून घेतलं. चहाच्या वेळी सिस्टर मावशींचा हात धरून उभी राहिली.

त्या दिवशी संशोधिकेचे पाय जमिनीवर नव्हते. त्याच भरात तिने मावशींना पाठवल्याबद्दल लाँड्रीच्या मुकादमाला आभाराचं पत्र धाडलं. तुमच्या मावशी सुयांबद्दल इतक्या धिटाईने बोलल्या म्हणून आमच्या कामाला दिशा मिळाली, असं मनापासून लिहिलं.

पुढच्या बैठकीला मावशींच्या खुर्चीत नवीच बाई होती. लाँड्रीत सगळं ठीक चालतं, असं तिने कुणी न विचारताच सांगून टाकलं.

संशोधिका पत्ता शोधत मावशींच्या घरी गेली. त्यांचं काम सुटलं होतं. घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर मावशींनी तिला बसवलं, पाणी दिलं. तुमचा काही दोष नाही, तुम्ही तर आम्हाला माणसांत बसवलंत, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

"सिस्टरनेच सांगितलं असणार. सोळा वर्षांपासूनची मैत्रीण माझी. परवा रडत आली होती, मी दार नाही उघडलं."

संशोधिकेने पेला दोन्ही हातांनी धरला.

"तिने असं का केलं असेल हो, ताई?"

संशोधिकेने पाणी संपवलं. पेला खाली ठेवला.

"माणसाचं काही सांगता येत नाही, मावशी," ती म्हणाली.