लाल जाळाचा दगड

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. तुम्ही ऐकताय खरे, पण का ऐकताय, हा संशय मला आहेच. राग मानू नका, माझा स्वभावच तसा.

जमिनीच्या पोटातला तापलेला रस हळूहळू थंड झाला, त्यात मोठमोठे स्फटिक धरले, तेव्हा मी जन्मलो. मी फॉस्फेट जातीचं दुर्मीळ खनिज. नाव ॲम्ब्लिगोनाइट, दिसायला मात्र साधी पांढरी गारगोटी. माझ्यात लिथियम असतं, तुमच्या मोबाइलच्या बॅटरीत लागतं ते, आणि विस्तवात पडलं की जाळ लाल करतं ते. म्हणून आपण गप्प राहिलेलं बरं, असं मला वाटायचं.

आलापल्लीच्या पलीकडे एका डोंगरीवर मोहाच्या झाडांखाली मी पडून होतो. त्या झाडांवरच खालच्या गावातल्या सुकरीच्या घरचं पोट चालतं. एकदा मोहफुलं वेचताना तिने मला उचललं आणि चुलीचा दगड म्हणून लावलं. ही बाई मला फोडून विकणार, असंच मी धरून चाललो. पण ती मला रोज मायेने सारवायची.

मग प्रफुल नावाचा पाहुणा आला. पाखरांचे फोटो काढतो म्हणाला, पण नजर सदा जमिनीवर! तो चहा पीत असताना माझी एक कपची तडकून विस्तवात पडली आणि जाळ लालभडक झाला. त्याचा कप हातातच राहिला.

"ताई, हा दगड कुठे सापडला?"

"मले नाई मालूम. तुमाले काऊन पायजे?"

शाब्बास सुकरी! पण लाल जाळाने ती घाबरली होती. तिने गावचे पुजारी जंगूभाऊ यांना विचारलं.

"डोंगरीले न इचारता आनला ना वो बाई! जिथून आनला तिथीच ठेवून येऊ. सारं गाव येईन."

जंगलाचं जंगलाला परत, ही इथली रीत. रीत चांगलीच हो! पण ढोल वाजवत सगळे निघाले, तेव्हा सुकरीनेच पाहुण्याला हाक मारली, "चला ना भाऊ, तुमी बी." मी आतल्या आत ओरडत होतो. तिने मला मोहाखाली ठेवलं, तांदूळ वाहिले, हात जोडले. प्रफुलने तेव्हा पहिल्यांदा कॅमेरा उचलला.

आता इथल्या प्रत्येक मोहाच्या बुंध्यावर पिवळ्या रंगाने आकडे घातले आहेत, तोडणीआधी घालतात तसे. काल सुकरी ओलं फडकं घेऊन ते घासत बसली होती. "कोनाच्या पोराईनं रंगवले बाप्पा," म्हणत हसत होती.

मित्रांनो, आधी मी भलत्याच माणसावर, सुकरीवर संशय घेतला, त्याची मला लाज वाटते. आता एवढंच करा, ते आकडे कशाचे हे तिला कोणीतरी जाऊन सांगा. मला तोंड नाही.